हललेले फोटो मुद्दाम काढतेय. झाडं जमतात, डोंगर का जमत नाही?

पठारावरची

नमस्कार मंडळी,

आधी अडचण सांगते, म्हणजे प्रश्न कुठून आलाय ते कळेल. साताऱ्यात माझा टायपिंगचा क्लास आहे. सकाळच्या बॅचेस अकरापर्यंत, संध्याकाळच्या चारपासून. फोटोवाले ज्या तिरप्या उजेडासाठी जीव टाकतात तो माझ्या नशिबात फक्त रविवारी, तोही घरचं आवरून वेळ उरला तर. एरवी मला मिळते ती भर दुपार. स्कूटर काढायची, यवतेश्वरचा घाट चढायचा, नाहीतर ठोसेघर, फार तर चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, आणि साडेतीनच्या आत घरी.

भर दुपारी सरळ फोटो काढला की काय हाती लागतं ते तुम्हाला माहीत आहे. डोंगर पांढुरका, आकाश फिक्कट, झाडाखाली नुसता काळोख. म्हटलं, उजेड चित्र देत नसेल तर कॅमेऱ्याकडून काय काढून घेता येतं ते बघू. तेव्हापासून उद्योग चालू आहेत.

पहिला उद्योग कॅमेरा हलवण्याचा. एका शेताच्या बांधाला सिल्व्हर ओक दाट लावलेत. त्यांच्या सावलीत उभं राहून आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता सगळ्यात कमी), एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी लहान) आणि वर पोलरायझर (चमक आणि उजेड कमी करणारा फिल्टर) लावला की शटर पाव सेकंद उघडं राहतं. बटण दाबता दाबता कॅमेरा वरून खाली सरळ आणायचा. खोडांच्या उभ्या रेघा होतात, सालीचा राखाडी आणि मधल्या फटींतला पिवळट हिरवा एकमेकांत उतरतो. सिल्व्हर ओकच्या पानाची खालची बाजू रुपेरी असते ना, ती वाऱ्यावर उलटली की एरवी डोळ्यांत खुपते. या फोटोत तीच वरच्या बाजूला धुरासारखी पसरते. मला हे फोटो मनापासून आवडलेत. सासूबाईंना दाखवले तर त्यांनी आधी स्वतःचा चष्मा पुसला, मग माझा मोबाइल पुसला.

दुसरा उद्योग एका झाडाभोवती फिरून चहूबाजूंनी फोटो घ्यायचे आणि ते एकावर एक रचायचे. पेप व्हेंटोसा नावाचे फोटोग्राफर असं करतात, त्यांची झाडं बघून डोक्यात शिरलं. आमच्या जवळच्या गावात पारावर मोठा वड आहे, त्याला धरलं. दोन पावलं, एक फोटो, दोन पावलं, एक फोटो. पारावर बसलेल्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाई, दोरा घरी राहिला का?" त्यांचं काय चुकलं! पण हे फोटो मोबाइलच्या अॅपमध्ये एकावर एक टाकले की शेवटचाच तेवढा दिसतो, खालचे सगळे गाळात जातात.

खरा प्रश्न डोंगराचा आहे. झाडांना जे लागू पडतं ते उघड्यावर साफ फसतं. कासच्या वाटेवरून पलीकडच्या डोंगररांगा घेतल्या, तसाच कॅमेरा खाली आणला, तर फोटो फक्त चुकून हलल्यासारखा दिसतो. मुद्दाम केलंय असं वाटतच नाही. असं का होतं? आणि हे फोटो स्पर्धेला पाठवायचे झाले तर कुठल्या विभागात? आमच्या इथले एक जाणकार म्हणाले नेचरमध्ये टाका, दुसरे म्हणाले हा फोटोच नाही.

कॅमेरा कॅननचा ८०डी, लेन्स १८-१३५.

कडेपठार

ताई, तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. झाडांच्या सावलीत पाव सेकंद मिळाला म्हणालात. उघड्यावर किती मिळाला ते बघा. निरभ्र दुपारी आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१०० सेकंद पडतो, हा जुना ठोकताळा. एफ/२२ वर १/५०. पोलरायझरने पुरते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाल्ले तरी १/१३ च्या आसपास. या वेगाला फोटो धड स्थिर राहत नाही आणि धड वाहतही नाही, फक्त हलतो. म्हणजे तुमचा हात तोच आहे, शटर तिप्पट वेगाने बंद होतंय.

तेव्हा एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड अडवणारी काळपट काच) घ्या, आणि या कामाला एनडी६४ घ्या. तो सहा स्टॉप उजेड अडवतो. भर उन्हात एफ/१६ वर १/१०० चा ०.६४ सेकंद होतो, म्हणजे डोंगर हलवायला नेमका हवा तेवढा. लोक उत्साहाने थेट एनडी१००० घेतात, दहा स्टॉपचा. तो ढग आणि पाण्यासाठी ठीक, हातात धरून कॅमेरा हलवायला जड पडतो. पाच-दहा सेकंद हलवत बसलं की सगळ्याचं एकच पिठलं.

फिल्टर आला की एफ/२२ सोडून द्या. एवढ्या छोट्या छिद्राला सेन्सरवरची धूळ दिसते, आणि हललेल्या फोटोत ती जास्तच दिसते. कारण देखावा सरकतो पण धूळ सेन्सरला चिकटलेली, ती जागची हलत नाही. मऊ रेघांवर करकरीत काळे ठिपके. तुमचे सिल्व्हर ओक मोठे करून वरच्या कोपऱ्यांत बघा, सापडतील.

आता दिशेचं. खोडं उभी, तुम्ही कॅमेरा उभा हलवला, रेघ रेघेवरून गेली आणि आकार टिकला. डोंगररांग आडवी आहे. तिथे कॅमेरा वरून खाली आणलात की कड्याची कडा आकाशात पुसली जाते, आणि डोंगराची ओळख तर त्या कडेतच असते. कॅमेरा रांगेच्या रेषेत न्या. उतार असेल तर उताराबरोबर तिरका. यवतेश्वरावरून दिसणारे ते पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आडवे नेऊन बघा, बेसाल्टचे थर आपोआप पट्टे देतील.

आणखी एक. ०.६४ पैकी पहिला निम्मा वेळ कॅमेरा गप्प धरायचा आणि उरलेल्या वेळात हलवायचा. मागे मूळ आकाराची पुसट छाया राहते. पूर्ण वाहता फोटो हवा असेल तर उलटं, आधी हलवायला सुरुवात, मग बटण, आणि शटर बंद झाल्यावरही हात चालूच. लेन्सवरचं आयएस बंद करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही हलवणार आणि ते सावरणार.

आणि दुपारचा डोंगर एकाच सुराचा असतो, त्यात गडद-फिकं काही नसतं. त्याला इलाज ढगांची सावली. भाद्रपद-आश्विनात सुटे ढग फिरतात, त्यांच्या सावल्या पठारावरून सरकतात. पुढची रांग सावलीत आणि मागची उन्हात असा क्षण येईपर्यंत बसायचं. दुपारचा वेळ तुमच्याकडे आहेच.

वडाचं सोपं आहे. थर रचताना प्रत्येकाची अपारदर्शकता कमी करत जायची. सगळ्यात खालचा १०० टक्के, दुसरा ५०, तिसरा ३३, चौथा २५, पाचवा २०. म्हणजे जितकावा थर, तितकावा हिस्सा. मग सगळे फोटो सारखे दिसतात. जुळवताना खोडाचा बुंधा एका जागी ठेवा, पारंब्या आणि फांद्या काय हव्या त्या नाचू देत.

तर्रीबाज

ताई, राग मानू नका, मी जुन्या वळणाचा माणूस. आमच्या वेळी छत्तीसचा रोल यायचा. हललेला फोटो लॅबवाला प्रिंटच करत नव्हता, तेवढे पैसे वाचायचे. आता त्यालाच क्रिएटिव्ह म्हणतात म्हणे. नागझिऱ्यात पहाटे चारला उठून थंडीत कुडकुडत मी एक सांबर टिपतो, आणि इकडे झाडासमोर हात हलवला की झाली कला? निसर्ग जसा आहे तसा दाखवायचा सोडून हे कशाला पाहिजे?

जुनी_निगेटिव्ह

तर्रीबाज काका, "जसा आहे तसा" ही तक्रार फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाचं रसायन निळ्या उजेडाला फाजील संवेदनशील, त्यामुळे पाणी नीट यावं इतका वेळ दिला की आकाश जळून कोरं व्हायचं. त्याने काही फोटोंत पाण्याला एक निगेटिव्ह आणि ढगांना दुसरी वापरली आणि दोन्ही मिळून एक प्रिंट काढला. कधी कधी तर तेच ढग वेगवेगळ्या समुद्रांवर. लोक थक्क झाले होते, कारण असं आकाश फोटोत कुणी पाहिलंच नव्हतं, आणि डोळ्यांनी तर रोज पाहत होते.

तुमच्या सांबराची मेहनत मान्यच. पण तुमच्या त्या ६०० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्समधून मागचं जंगल लोण्यासारखं मऊ होतं, ते तरी डोळ्याला तसं कुठे दिसतं?

पठारावरची

कडेपठार दादा, धूळ सापडली! वरच्या डाव्या कोपऱ्यात चार ठिपके, मी त्यांना पक्षी समजत होते.

तर्रीबाज काका, राग कसला. पण एक सांगते. दुपारी सिल्व्हर ओकखाली उभं राहिलं की वाऱ्याने पानं सतत उलटसुलट होत असतात, उजेड लुकलुकत असतो, डोळा एका जागी ठरतच नाही. १/५०० ला फोटो काढला की त्यातलं एक एक पान मोजता येतं आणि तिथे उभं राहिल्यावर जे वाटतं ते नेमकं गायब. हललेल्या फोटोत पान एकही नाही, पण ते लुकलुकणं आहे. मला ते हवं होतं. सांबराला मी हलवणार नाही, तेवढं आश्वासन देते.

सड्यावरून

मी रत्नागिरीचा. तुमच्या वेळापत्रकाची सगळ्यांना कीव येतेय, मला हेवा वाटतोय. इन्फ्रारेड करा. त्याला भर दुपारचं कडक ऊनच लागतं.

झाडाचं पान लाल आणि निळा उजेड खातं, थोडा हिरवा परत पाठवतं म्हणून हिरवं दिसतं. पण डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड पानातलं हरितद्रव्य शोषत नाही. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांतून तो उलटसुलट फिरून भरपूर बाहेर येतो. म्हणून इन्फ्रारेडमध्ये पान पांढरंशुभ्र. निरभ्र आकाश आणि पाणी मात्र काळं. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्याच्या नावाने याला वुड इफेक्ट म्हणतात. कोकणातल्या माडांच्या झावळ्या भर मे महिन्यात बर्फ पडल्यासारख्या येतात. आमच्याकडे पावसानंतर सड्यावर गवत असतं तेव्हा तर कातळ गडद, गवत पांढरं आणि मधल्या डबक्यात शाई.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला हा उजेड मुळात दिसतो. कंपनीवाले त्याच्यापुढे तो अडवणारी काच बसवतात, नाहीतर रोजच्या फोटोंचे रंग बिघडतील. तुमच्या कॅमेऱ्याची काच किती अडवते ते घरीच बघा. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरा, बटण दाबून ठेवा आणि काही सेकंदांचा फोटो काढा. रिमोटचा दिवा ठळक उमटला तर बाहेरून ७२० नॅनोमीटरचा (दिसणारा बहुतेक उजेड अडवून इन्फ्रारेड तेवढा आत सोडणारा) फिल्टर लावून काम होईल. पुसट आला तर एक्स्पोजर फार लांबणार. तसंही न बदललेल्या कॅमेऱ्याला भर उन्हात या फिल्टरने कित्येक सेकंद लागतात, म्हणजे ट्रायपॉड आलाच, आणि फिल्टर इतका काळा की चौकट आणि फोकस आधी ठरवून मगच तो फिरवून बसवायचा. काही लोक जुना कॅमेरा देऊन ती आतली काचच काढून घेतात, मग हातात धरून १/१२५ ला काम होतं. पण तो कॅमेरा मग त्याच कामाचा.

एक सावध करतो. काही लेन्सना इन्फ्रारेडमध्ये मधोमध उजळ गोल डाग पडतो, आणि छिद्र लहान केलं की तो वाढतो. एफ/८ च्या पुढे जाऊ नका. फिल्टर विकत घेण्याआधी कुणाचा तरी उसना घेऊन तुमची १८-१३५ तपासा.

पांढरी झाडं बघून सासूबाई काय म्हणतात ते इथे जरूर कळवा.

काजव्यांच्या_गावचा

स्पर्धेच्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी भंडारदऱ्याकडचा, आमच्या घरी पर्यटक मुक्कामाला येतात, मे अखेर ते जूनच्या पावसापर्यंत काजवे बघायला.

नेचर विभागात टाकू नका. फियाप (आंतरराष्ट्रीय महासंघ), पीएसए (अमेरिकेची) आणि आरपीएस (ब्रिटनची) या फोटोग्राफीच्या तिन्ही संस्थांनी मिळून नेचरची एक व्याख्या केली आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा तीच लावतात. फोटोतली कुठलीही गोष्ट काढायची नाही, घालायची नाही, जागची हलवायची नाही. जोडून केलेले पॅनोरमा नाहीत, इन्फ्रारेड तर स्पष्ट बंद. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो एकत्र करणं) चालतं. तुमचा वड तिथे बसणार नाही. नुसतं कॅमेरा हलवणं नियमाच्या शब्दात कुठे अडकत नाही, पण जाणकाराला विषय ओळखता आला पाहिजे अशी अपेक्षा असते, आणि परीक्षकाला ते सिल्व्हर ओक आहेत हे कसं कळणार? ओपन किंवा क्रिएटिव्ह असा विभाग असेल तिथे निर्धास्त पाठवा.

आता माझं दुखणं. काजव्यांचे जे फोटो तुम्ही नेटवर बघता, आख्खं झाड सोन्याने लगडलेलं, ते बहुतेक एका फोटोचे नसतात. ट्रायपॉड एका जागी ठोकून तीस-तीस सेकंदांचे ढीगभर फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातलं फक्त उजळ तेवढं वरच्या थरात ठेवायचं. त्यातून तासाभराचे काजवे एका झाडावर एकदम बसतात. मला त्यात वावगं वाटत नाही, मीही तसेच काढतो. पण खाली ते लिहीत नाहीत. मग पाहुणा येतो, सादड्याच्या झाडाखाली उभा राहतो, आणि दहा मिनिटांत म्हणतो, "एवढेच?" अहो, समोर शेकडो काजवे एका तालात पेटताहेत, विझताहेत, आणि हा माणूस मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघतोय. फोटो नीट येत नाही म्हणून मग बॅटरी मारतात, गाडीचे दिवे लावतात. काजव्याचा नर उजेडाच्या खुणेने मादीला हाक मारतो. त्यात आपण झोत टाकला की त्यांचं बोलणंच बंद.

तेव्हा ताई, वडाच्या फोटोखाली "अनेक फोटो एकत्र केले आहेत" एवढी एक ओळ घाला. बाकी हवं ते करा.

तर्रीबाज

काजवेवाल्या दादाशी शंभर टक्के सहमत. लिहिलं असेल तर माझी काहीच हरकत नाही. आणि हो, सहाशेच्या लेन्सचा टोमणा लागला बरं.

पठारावरची

सगळ्यांचे आभार. एका विद्यार्थिनीच्या भावाकडे एनडी६४ निघाला, तो उसना घेऊन चाळकेवाडीला जाऊन आले. डोंगराच्या आधी पवनचक्क्यांतच अडकले, त्याचं सांगते.

वारा चांगला होता. एक सेकंदाला पात्यांची पातळ चकती होते, मागचा ढग तिच्यातून दिसतो. घरी येऊन हिशेब केला, मिनिटाला वीस फेऱ्या धरल्या तर एका सेकंदात पातं १२० अंश जातं आणि तीन पाती मिळून वर्तुळ पुरं होतं. त्यापेक्षा कमी वेळ दिला तर पंख्याचे तीन तुकडे दिसतात, ते मला नाही आवडले. मग पोलरायझरही चढवला, एफ/२२ केलं (धूळ असली तर असू दे), ढग सूर्यावर येण्याची वाट बघितली आणि वेळ जमेल तेवढा ताणला. चकती एकदा पुरी झाली की ती त्याहून विरळ होत नाही, पण ढग वाहायला लागतात. पठारभर खांबच खांब, त्यांच्या डोक्यावर पुसट चकत्या आणि मागे वाहते ढग. मला तर हे एका सेकंदाच्या फोटोपेक्षा जास्त पटलं. नवऱ्याचं मत उलटं, त्याला पाती सुटी दिसली पाहिजेत.

डोंगर आडवा नेला आणि तिथे फरक कळला. पुढच्या रांगेवर सावली यायची वाट बघितली. काळपट निळा पट्टा, त्यावर वाळक्या गवताचा पिवळा, वर राखाडी. कडा शाबूत. आधी थांबून मग हलवण्याचं अजून हाताला बसलं नाही, घाई होते. कासला मात्र हे प्रयोग हंगामात जमणार नाहीत असं वाटतंय. तिथे ठरलेल्या पायवाटेवरून चालायचं, मागे रांग, आणि मी मध्येच उभी राहून कॅमेरा हलवत बसले तर लोक आरतीचं ताट समजून पैसे टाकायचे.

रिमोटची चाचणी केली. दिवा आला, पण अगदीच मिणमिणता. इन्फ्रारेड तूर्त बाजूला.

आता एकच उरलं. पट्ट्यांचा तो डोंगर क्लासच्या भिंतीवर मोठा लावायचाय. कुठला कागद, किती मोठा?

कडेपठार

मॅट घ्या, चकचकीत नको. क्लासमध्ये ट्यूबलाइट असणार, चकचकीत कागदावर तिचं प्रतिबिंब पडेल आणि तुमचे मऊ पट्टे त्याखाली जातील. मॅटवर काळा थोडा कमी खोल येतो, म्हणून सावलीची रांग प्रिंटला देण्याआधी जराशी गडद करून घ्या.

आकाराची काळजी करू नका. ८०डी चा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) वीस बाय साधारण सव्वातेरा इंच होतो, आणि यात बारीक तपशील नसल्यामुळे तीस इंचापर्यंत बिनधास्त ताणा. काळजी आहे ती पट्ट्यांची. एकसारख्या उतरत्या रंगात जेपीईजी पायऱ्या पाडतं. रॉ वरून १६ बिट टिफ काढा, थोडा ग्रेन मिसळा आणि आधी आठ बाय बाराचा नमुना काढून त्याच भिंतीवर दोन दिवस लावून बघा. धुळीचे ठिपके तेवढे त्याआधी पुसा, तीस इंचावर त्यांचे कावळे होतात.